ऑनलाइन गेम बंद होतोय, मग आमच्या पैशांचं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मुलुंडला राहता. दीड वर्षापूर्वी २,४९९ रुपये भरून पीसीसाठी कार रेसिंगचा एक ऑनलाइन गेम घेतलात. अधूनमधून गेममधली नाणी घेतलीत, त्यातली ८०० रुपयांची अजून तशीच पडून आहेत. तीन आठवड्यांपूर्वी १,४९९ रुपयांचा सीझन पास (ठरावीक मुदतीत गेममधल्या जादा गोष्टी देणारा) घेतलात आणि परवा मेल आली, की पुढच्या महिनाअखेरीस सर्व्हर कायमचे बंद. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी सर्व्हरशिवाय गेम उघडत नाही. पैसे मागितले तर सपोर्टचं उत्तर : आपण गेम विकत घेतला नव्हता, वापरण्याचा परवाना घेतला होता, अटी वाचा. यावर तुम्ही विचारताय, की विकत घेतलेल्या वस्तूचे आपण मालक नाही का, आणि ग्राहक आयोगात जाण्यात काही अर्थ आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘आहे, पण सगळ्या पैशांसाठी सारखा नाही’ असं आहे. पहिल्या प्रश्नात मात्र अडकू नका. मालकीच्या मुद्द्यावर लोक तावातावाने लिहितात आणि नेमके तिथेच हरतात.

परवान्याबद्दल कंपनी खोटं बोलत नाहीये. सॉफ्टवेअरमध्ये हे पहिल्यापासून असंच आहे. लॅमिंग्टन रोडवरून डिस्क आणायचो, तेव्हाही आपल्या मालकीचं होतं ते प्लॅस्टिक. आतला प्रोग्राम वापरायचा परवानाच मिळायचा. फरक इतकाच, की तेव्हा घरी येऊन कोणी गेम बंद करू शकत नव्हतं. आता करता येतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने यावर कायदाही केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना ‘खरेदी करा’ असा शब्द वापरायचा असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाने पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकायला सुरुवात केली. म्हणजे परवाना आहे हे आता दुकानदारच सांगतो. तुम्ही आयोगापुढे ‘मी मालक आहे’ म्हणून उभे राहिलात, तर समोरचा वकील ती ओळ दाखवेल आणि तुमचा मुद्दा तिथेच संपेल.

आपल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ला मालकी लागतच नाही. त्याला दोन गोष्टी लागतात : तुम्ही मोबदला दिलात का, आणि तो स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या वस्तूचा किंवा सेवेचा होता का. ऑनलाइन व्यवहारही ग्राहकाच्या व्याख्येत आहे. सर्व्हर चालवून तुम्हाला खेळू देणं ही सेवा. मग पुढचे प्रश्न दोनच. सेवेत त्रुटी होती का, आणि विकताना अनुचित व्यापारी प्रथा वापरली का. परवाना असला तरी हे दोन्ही प्रश्न जागच्या जागी राहतात.

माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा गाभा हा : ज्या दिवशी कंपनीने तुमचे पैसे घेतले, त्या दिवशी तिला काय माहीत होतं आणि तिने तुम्हाला काय सांगितलं? कुठलीही खाणावळ बंद करायचा मालकाला हक्क आहे. पण शनिवारी कुलूप लावायचं ठरलेलं असताना शुक्रवारी महिन्याची कुपनं विकली, तर तो हक्क राहत नाही, ती फसवणूक होते. गेमचंही असंच पाहायचं. कायमचे सर्व्हर चालवा असा आदेश कोणताही आयोग देणार नाही. ‘बंद करायचं ठरल्यावर विकलंत का’ हे मात्र तो विचारू शकतो आणि विचारतो.

म्हणून पहिलं काम असं करा, की सगळे पैसे एका आकड्यात मागू नका. तारखेप्रमाणे तीन भाग पाडा.

सीझन पास हा तुमचा सगळ्यात भक्कम भाग. तीन आठवड्यांपूर्वी विकला, परवा बंदची मेल. एवढ्या मोठ्या कंपनीत सर्व्हर बंद करायचा निर्णय परवा सकाळी होत नाही. गाड्यांच्या कंपन्यांशी करार असतात, गाण्यांचे असतात, सर्व्हरची भाडी असतात. रेसिंगच्या गेममध्ये तर गाड्यांचे परवाने ठरावीक वर्षांचे असतात आणि ते कधी संपणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर असतं. तेव्हा तक्रारीत सरळ लिहायचं : निर्णय कोणत्या तारखेला झाला ते सामनेवाल्यांनी (म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांनी) शपथेवर सांगावं, त्याची कागदपत्रं दाखल करावीत. ही माहिती फक्त त्यांच्याकडे आहे आणि ती न देणं त्यांना महाग पडतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याकडे दादरच्या एका बाईंचं प्रकरण होतं, गेमचं नव्हे, मोबाइलवरच्या योगासनांच्या वर्गाचं. वर्षाची वर्गणी घेतली आणि थोड्याच आठवड्यांत ॲप बंद. समोरच्यांची लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीला दिलेलं उत्तर, चांगली जाडजूड, पानोपानी परवाना, अटी, कलमं. आयोगाच्या सदस्य मॅडमनी ती उलटीपालटी केली आणि त्यांच्या वकिलांना एकच विचारलं, ‘‘वर्गणी घेतली त्या दिवशी बंद करायचं ठरलं होतं की नव्हतं?’’ वकील म्हणाले, सूचना घेऊन सांगतो, तारीख द्या. पुढच्या तारखेला ते कैफियतीचं बोललेच नाहीत, तडजोडीची पुरसिस, म्हणजे तसं आयोगाला लेखी कळवणारा कागद, घेऊन आले.

नाण्यांचा भाग मधला. इथे आपला कायदा तोकडा आहे. जपानमध्ये आगाऊ पैसे घेऊन दिलेली अशी नाणी त्यांच्या पेमेंट सेवांच्या कायद्यात येतात. सेवा बंद करताना न वापरलेली, पैसे देऊन घेतलेली शिल्लक परत करावी लागते आणि अर्ज करायला किमान ६० दिवस द्यावे लागतात. म्हणून जपानी मोबाइल गेम बंद होताना परताव्याची सूचना दिसते. आपल्याकडे ज्या शिलकीतून फक्त देणाऱ्याकडचीच वस्तू घेता येते, तिला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. गेमची नाणी त्यातच मोडतात, त्यामुळे बँकेच्या नियमांचा आधार नाही, ग्राहक कायद्यावरच जावं लागतं. तरी युक्तिवाद साधा आहे : पैसे घेतले, त्याबदल्यात द्यायचं ते दिलं नाही आणि आता देऊ शकत नाही. एक काळजी घ्या. पैसे देऊन घेतलेली नाणी आणि खेळून मिळवलेली नाणी वेगळी दाखवा. बहुतेक गेममध्ये ती एकाच आकड्यात मिसळलेली दिसतात आणि समोरचा म्हणतो, ही तर आम्ही फुकट दिलेली होती.

मूळ गेमचे २,४९९ हा सगळ्यात नाजूक भाग आणि इथे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही दीड वर्ष खेळलात. किती तास खेळलात हे त्यांच्याकडे मिनिटामिनिटाने नोंदलेलं आहे आणि ते ती नोंद दाखल करणार. सहाशे तास खेळून पूर्ण किंमत मागितली, तर आयोगाच्या कपाळावर आठी येईल. पण गेम घेतल्यापासून दोन महिन्यांत बंद झाला असता, तर मी पूर्ण रक्कम मागायला सांगितलं असतं. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी पाहीन. विक्रीच्या पानावर ‘इंटरनेट आवश्यक’ एवढंच होतं, की ‘सर्व्हर बंद झाल्यास गेम चालणार नाही’ असंही कुठे ठळक लिहिलं होतं? आणि एकट्याने खेळायचा भाग जाहिरातीत मोठा करून दाखवला होता का? दाखवला असेल, तर तो सर्व्हरला बांधून ठेवला आहे हे सांगणं त्यांचं काम होतं. अटींच्या चाळिसाव्या परिच्छेदात ते दडवणं म्हणजे सांगणं नव्हे.

हा मुद्दा जगभर गाजला तोही एका कार रेसिंगच्या गेमवरूनच. युबिसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीचा ‘द क्रू’ डिसेंबर २०१४ मध्ये आला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागायचं, त्यामुळे पैसे देऊन घेतलेला गेम पूर्ण निकामी झाला. त्यावरून रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांच्या अधिकृत मागणीसाठी दहा लाख सह्या लागतात. ३१ जुलै २०२५ च्या मुदतीपर्यंत त्या आकड्याच्या बऱ्याच पुढे सह्या गेल्या. ब्रिटनमध्येही याचिकेवर एक लाखाच्या वर सह्या पडल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये संसदेत चर्चा झाली, पण तिथल्या सरकारला कायदा बदलायचा नाही. मोहिमेची मागणी लोक चुकीची सांगतात, म्हणून स्पष्ट करतो. सर्व्हर कायम चालवा असं ती म्हणत नाही. बंद करताना गेम कसाबसा चालेल अशा अवस्थेत सोडा, ऑफलाइन करा किंवा खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवू द्या, एवढंच ती म्हणते.

हे सगळं मुंबईत उपयोगाचं का? कारण ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’ या बचावाला त्यातून उत्तर मिळतं. याच युबिसॉफ्टने ओरड झाल्यावर ‘द क्रू २’ ला नंतर ऑफलाइन मोड दिला. ‘नॉकआउट सिटी’ जून २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा पीसीवर खाजगी सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती कंपनीनेच दिली. ‘फोर्झा होरायझन ४’ची विक्री डिसेंबर २०२४ मध्ये थांबली, पण ज्यांनी आधी घेतला होता त्यांचा चालू राहिला. विक्री थांबणं आणि गेम मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या तक्रारीत मिसळू नका. परताव्याचीही उदाहरणं आहेत. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद झाला आणि सगळ्यांना पूर्ण पैसे परत मिळाले. गुगलची इंटरनेटवरून गेम खेळायची ‘स्टेडिया’ सेवा १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली, तेव्हा गुगलने आपल्या दुकानातून घेतलेल्या गेमचे आणि उपकरणांचे पैसे परत केले. हे निवाडे नाहीत, दुसऱ्या देशातली कंपन्यांची वागणूक आहे. आयोग त्यांनी बांधला जात नाही. पण ‘या धंद्यात असं कोणी करत नाही’ असं समोरच्याला म्हणता येत नाही, एवढा फायदा नक्की. दुसऱ्या बाजूचंही सांगतो : सगळा खेळ सर्व्हरवरच घडत असेल, शंभर जण एका मैदानात उतरत असतील, तर तिथे ऑफलाइनची मागणी मीही करणार नाही.

आता त्या अटींकडे येऊ, ज्यांवर तुम्ही न वाचता ‘मान्य’ दाबलंत. सगळेच दाबतात, मीसुद्धा. त्यात तुमच्या कामाची तीन कलमं असतात.

पहिलं, ‘कंपनी केव्हाही, कोणत्याही कारणाने सेवा बंद करू शकते.’ २०१९ च्या कायद्याने अन्याय्य कराराची व्याख्या आणली. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवायचा अधिकार देणारं कलम त्या व्याख्येत थेट लिहिलेलं आहे. ऐकून आनंद होतो आणि लोक लगेच ‘हे कलम रद्द करा’ अशी मागणी तक्रारीत घालतात. इथे खड्डा आहे. अन्याय्य कराराची तक्रार ऐकायचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, तो राज्य आयोगापासून सुरू होतो. तुमच्या वांद्र्याच्या जिल्हा आयोगात ती मागणी घातलीत, तर दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच प्रश्न उभा राहील आणि सीएसएमटीसमोरच्या राज्य आयोगाचा रस्ता दाखवला जाईल. अडीच-तीन हजारांसाठी तिथे कशाला जायचं? जिल्हा आयोगात सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढंच धरा. कलम रद्द करायला सांगू नका, त्या कलमामागे लपून विक्री करणं अनुचित होतं असं म्हणा.

दुसरं कलम लवादाचं. ‘वाद झाल्यास लवादाकडेच जावं लागेल.’ याची भीती नको. एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं, की करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाला ग्राहक मंचात (आताच्या आयोगात) जाता येतं.

तिसरं, ‘फक्त अमुक देशातल्या न्यायालयात दावा चालेल.’ नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो तिथल्या आयोगात तक्रार करायची मुभा दिली आहे. मुलुंड म्हणजे मुंबई उपनगर, तुमचं ठिकाण वांद्रे पूर्व. शिवाय ई-कॉमर्सचे २०२० चे नियम परदेशी कंपनीलाही लागू होतात, ती भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे वस्तू किंवा सेवा देत असेल तर. पद्धतशीरपणे देते हे कसं दाखवायचं? किंमत रुपयांत होती, पैसे यूपीआयने घेतले, बिलावर १८ टक्के जीएसटी लावला. एवढं पुरतं.

यावरून बिलाकडे येतो, कारण माझ्या अनुभवात अशी निम्मी प्रकरणं बिलावरच ठरतात. गेमचं नाव डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून लोक तो बनवणाऱ्या परदेशी कंपनीला एकटीला सामनेवाली करतात. पैसे मात्र भलत्याच कंपनीने घेतलेले असतात. पैसे भरल्यावर आलेली मेल उघडा आणि अगदी खाली जा. विक्रेता म्हणून कोणाचं नाव आहे? जीएसटी क्रमांक आहे का? भारतातला पत्ता आहे का? गुगल प्लेवरून घेतलं असेल तर ‘जीपीए’ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक दिसेल. स्टीमवर खात्याच्या तपशिलात खरेदीचा सगळा इतिहास असतो. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतलं ते आणि ज्याने गेम चालवला ती कंपनी, दोघांना सामनेवाले करा. भारतात कार्यालय असलेला एक जरी सामनेवाला असला, तरी उद्या आदेश निघाल्यावर वसुलीला काही हाताला लागतं. फक्त परदेशातला पत्ता असेल, तर आदेशाची प्रत सुरेख दिसते आणि पैसे येत नाहीत.

तुमचे सर्व्हर अजून चालू आहेत, ही तुमच्या हातातली मोठी गोष्ट. आज रात्रीच बसा आणि हे जमवा : विक्रीच्या पानाचे आणि सीझन पासच्या पानाचे तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट, खात्यातली नाण्यांची शिल्लक, पास कधीपर्यंत चालणार होता ती ओळ, बंदची मेल, सपोर्टशी झालेला सगळा संवाद, बँकेची नोंद. गेम चालू करून इंटरनेट काढलं की काय होतं, याचा मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, मध्ये कापू नका. एकदा सर्व्हर गेले की यातलं अर्धं कुठेच सापडत नाही, विक्रीचं पान तर बहुधा त्याआधीच गायब होतं. या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र जोडा. पूर्वी यालाच ६५ब चं प्रमाणपत्र म्हणायचे. आयोगाला पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू नाही, तरी जोडा. समोरच्याच्या हातातला एक आक्षेप कमी होतो. आणि पासचे पैसे दरमहा आपोआप जात असतील, तर यूपीआयची ऑटोपे परवानगी आजच रद्द करा. बंद झालेल्या सेवेचे पैसे जात राहिलेले मी पाहिले आहेत.

मग पायऱ्या. सपोर्टला लिहिलंत ते पुरेसं नाही. कंपनीच्या आणि दुकानाच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि मेल असतं, त्याला लिहा. नियमाप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. मजकूर लांब नको. साधारण असा : ‘अमुक तारखेला मी १,४९९ रुपयांना सीझन पास घेतला. अमुक तारखेला आपण सेवा बंद करत असल्याचं कळवलं. पास विकताना हे मला सांगितलं नव्हतं. पासची पूर्ण रक्कम, न वापरलेल्या खरेदी केलेल्या नाण्यांची किंमत आणि मूळ गेमच्या किमतीचा वाजवी भाग १५ दिवसांत परत करावा. सेवा बंद करण्याचा निर्णय कोणत्या तारखेला झाला, तेही कळवावं.’ शेवटचं वाक्य गाळू नका. उत्तर दिलं नाही तर ते न देणंही पुढे कामाला येतं.

त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिला आदेश द्यायचा अधिकार नाही, पण ती तक्रार कंपनीकडे पोचवते आणि लहान रकमा पुष्कळदा तिथेच सुटतात. दीड हजारासाठी वकील उभा करण्यापेक्षा कंपनीला पैसे देणं स्वस्त पडतं, हे साधं गणित आहे. मार्गदर्शन हवं असेल तर विलेपार्ल्यात मुंबई ग्राहक पंचायत आहे.

तिथे भागलं नाही तर आयोग. आता दाखल करणं ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. माझ्या पोटावर पाय आणणारं वाक्य आहे, पण एवढ्या रकमेसाठी वकील करूच नका, फी रकमेच्या वर जाईल. आठ-दहा मित्रांचं हेच झालं असेल, तर एकत्र तक्रार करता येते, तेव्हा वकील परवडतो. मुदत दोन वर्षांची आहे. ती बंदच्या तारखेपासून मोजावी असं मी म्हणेन, समोरचा खरेदीच्या तारखेपासून म्हणेल. तुमच्या खरेदीला दीड वर्ष झालंय, म्हणजे येत्या पाच महिन्यांत दाखल केलंत तर हा वाद उद्भवतच नाही.

किती मिळेल? पासचे पैसे मिळायला हवेत, नाण्यांचे बहुधा, मूळ गेमचा काही हिस्सा मिळाला तर ठीक. वर त्रासापोटी आणि खर्चापोटी आयोग जे ठरवेल ते. मानसिक त्रासापोटी पाच लाख मागू नका. तो आकडा वाचला की बाकीची तक्रार कोणी गांभीर्याने घेत नाही. वेळ लागेल. कायद्यात तीन महिने लिहिले आहेत, तारखा पडतात त्या वेगळ्याच हिशेबाने.

बाकी शंका थोडक्यात. फुकट खेळायच्या गेममध्ये पैसेच दिले नसतील, तर मोबदला नाही आणि तक्रारही नाही. आत खरेदी केली असेल तर त्या खरेदीपुरते तुम्ही ग्राहक. सरकारने बंदी घातली असेल, जसं सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलचं किंवा फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरचं झालं, तर कंपनीने सेवा स्वतःहून थांबवलेली नसते आणि त्रुटी सिद्ध करणं फार जड जातं. २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तिथे खात्यातली तुमची ठेव मागणं हा आणखी वेगळा विषय, तो इथे ओढू नका. धाकट्या भावाने वडिलांच्या यूपीआयवरून नाणी घेतली, असंही तुम्ही ओघात लिहिलंय. अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार कायद्याने टिकत नाही हे खरं, पण पिन त्याला कोणी दिला हा प्रश्न आधी येईल. ती रक्कम या तक्रारीत मिसळू नका, चांगला मुद्दा पातळ होईल. आणि कोणीतरी काढलेल्या चोरवाटेच्या सर्व्हरवर खेळायचा विचार असेल, तर तांत्रिक कुलूप तोडणं हेतूप्रमाणे कॉपीराइट कायद्याच्या ६५अ कलमात येऊ शकतं. निदान तक्रार चालू असेपर्यंत त्या वाटेला जाऊ नका, समोरचा तेच दाखवेल.

एक गोष्ट मात्र येत्या आठवड्यात घडेल असं वाटतं. कंपनी तुम्हाला तिच्या नव्या गेमची नाणी किंवा सवलतीचं कूपन देऊ करेल. त्या मेलमध्ये ‘स्वीकारा’ असं बटण असेल आणि खाली बारीक अक्षरांत ‘सर्व दावे निकाली’ अशा अर्थाची ओळ. दाबायच्या आधी ती वाचा. नको असेल तर गप्प बसू नका, उलट मेलने लिहा, की हा प्रस्ताव मला मान्य नाही, माझी मागणी रोख परताव्याची आहे. न विचारताच नाणी खात्यात टाकली, तर ती वापरू नका आणि तसं कळवून ठेवा.